सांडेल ते मुंगीचं

एक होती मुंगी. काळी काळी. तिळाएवढी. म्हणून तिचं नाव तिळू.
तिळू राहायची इरूच्या घरात, ओट्यामागच्या फटीत.

गेल्या थंडीत इरूची आजी राहायला आली होती. येताना तिने आणली एक दुरडी. बांबूची, भोकाभोकांची. दुरडीत फडकं. फडक्यात पोळ्या. रात्री पोळी उरली, की सकाळी आजी म्हणायची, "चला, लाडू करू!"

पोळी कुस्कर कुस्कर.
गूळ चुरचुर.
तूप टपटप.
लाडू गोल गोल.

इरू लाडू खायची. चुरा सांडायचा. आई म्हणायची, "थांबा, पुसते." आजी म्हणायची, "राहू दे गं. सांडेल ते मुंगीचं."
मग यायची तिळू. तुरु तुरु, तुरु तुरु.

पुढे आजी गेली तिच्या गावी. दुरडी गेली कपाटावर. फडकं गेलं दारामागच्या खिळ्यावर. आणि घरात आली पिशवी. प्लास्टिकची. चर्र चर्र वाजणारी.

मऊ राहाव्यात म्हणून आई पोळ्या गरम गरमच पिशवीत घालायची. वर घट्ट गाठ! मग पिशवीला फुटायचा घाम. पोळीला यायची हिरवी बुरशी.
"अगंबाई, आजही!" आई म्हणायची. पोळी जायची कचऱ्यात.
लाडू नाही. चुरा नाही.
तिळू फटीत बसून जुने लाडू आठवायची. आठवून पोट भरतं का? नाही भरत.

एकदा सकाळी तिळूने पाहिलं. पिशवीत कालची एक पोळी. अजून छान होती. पण उद्या? उद्या हिरवी!
तिळू उठली. निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पोळीताई, पोळीताई, लाडू हो ना!
माझा चुरा सांडेना!"
पोळी म्हणाली, "मी नाही ज्जा! घामाने भिजलेय मी. असला गिचका लाडू कोण खाईल? दुरडी मला घेईल, तर मी लाडू होईन."

तिळू चढली कपाटावर. तुरु तुरु, तुरु तुरु.
"दुरडीमावशी, दुरडीमावशी, पोळीला घे ना!
पोळी लाडू होईना,
माझा चुरा सांडेना!"
दुरडी म्हणाली, "आत्ता आठवण झाली होय माझी? मी नाही ज्जा! माझ्या काड्या पोळीला टोचतील. आत फडकं बसेल, तर मी पोळी घेईन."

तिळू गेली दारामागे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"फडकोबा, फडकोबा, दुरडीत बस ना!
दुरडी पोळी घेईना,
पोळी लाडू होईना,
माझा चुरा सांडेना!"
फडकोबा शिंकला, "आक्छी! मी नाही ज्जा! ओला आहे मी. लटकून लटकून कुबट झालोय. ऊन मला वाळवेल, तर मी दुरडीत बसेन."

तिळू गेली खिडकीच्या फटीतून बाहेर. तुरु तुरु, तुरु तुरु.
"ऊनदादा, ऊनदादा, फडकं वाळव ना!
फडकं दुरडीत बसेना,
दुरडी पोळी घेईना,
पोळी लाडू होईना,
माझा चुरा सांडेना!"
ऊन म्हणालं, "मी नाही ज्जा! सकाळपासून इथेच उभा आहे. आत या, असं म्हणतंय का कोणी? खिडकी मला आत सोडेल, तर मी फडकं वाळवेन."

तिळू चढली खिडकीवर. तुरु तुरु, तुरु तुरु.
"खिडकीबाई, खिडकीबाई, उन्हाला सोड ना!
ऊन फडकं वाळवीना,
फडकं दुरडीत बसेना,
दुरडी पोळी घेईना,
पोळी लाडू होईना,
माझा चुरा सांडेना!"
खिडकी म्हणाली, "मी नाही ज्जा! माझी कडी कोण काढणार? तू? आई मला उघडेल, तर मी ऊन सोडेन."

तिळू गेली आईकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"इरूच्या आई, इरूच्या आई, खिडकी उघड ना!
खिडकी ऊन सोडीना,
ऊन फडकं वाळवीना,
फडकं दुरडीत बसेना,
दुरडी पोळी घेईना,
पोळी लाडू होईना,
माझा चुरा सांडेना!"
आई म्हणाली, "मी नाही ज्जा! वारा आला तर? वाऱ्याने सर्दी झाली तर? सर्दीचा खोकला झाला तर? आधीच बघ, इरू कशी रडतेय! इरू हसेल, तर मी खिडकी उघडेन."

इरू बसली होती खाली, पाय पसरून. भ्यॅ भ्यॅ रडत होती.
तिळू गेली इरूकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"इरूबाळ, इरूबाळ, हस ना!
आई खिडकी उघडीना,
खिडकी ऊन सोडीना,
ऊन फडकं वाळवीना,
फडकं दुरडीत बसेना,
दुरडी पोळी घेईना,
पोळी लाडू होईना,
माझा चुरा सांडेना!"
इरू म्हणाली, "मी नाई ज्जा! मला लाडू पायजे! आजीसारखा! लाडू दे, मग हशेन!"

आली का पंचाईत!
लाडू नाही, तर हसू नाही. हसू नाही, तर लाडू नाही.
तिळू मट्टकन खाली बसली. आता कोणाकडे जायचं?
तिला आजी आठवली. इरू रडली, की आजी काय करायची बरं? इरूच्या तळपायावर बोटं चालवायची! हळू हळू, हळू हळू.
तिळूला बोटं नव्हती. पण पाय होते. चांगले सहा!

तिळू चढली इरूच्या तळपायावर. तुरु तुरु, तुरु तुरु.
"खी!" इरू म्हणाली.
तुरु तुरु, तुरु तुरु.
"खी खी! खी खी खी खी!"

इरू हसली!
इरू हसली, तशी आई हसली. आईने खिडकी उघडली. खट्ट!
खिडकीने ऊन सोडलं. लख्ख!
उन्हाने फडकं वाळवलं. फड फड!
आईने कपाटावरची दुरडी काढली. फू फू, धूळ उडवली. दुरडीला नाक लावलं. बांबूचा वास. तुपाचा वास. तिच्या आईच्या हाताचा वास.
"रोज वाटतं, माझं काहीतरी चुकतंय," आई म्हणाली. "पण पोळ्यांनाही हवा लागते, हे काही सुचलं नव्हतं हो!"

फडकं दुरडीत बसलं. ऐसपैस!
दुरडीने पोळी घेतली. अल्लद!
"हुश्श!" पोळी म्हणाली. घाम गेला. पोळी सुकली.
आणि पोळी झाली लाडू!
कुस्कर कुस्कर.
चुरचुर.
टपटप.
गोल गोल!

इरूने घास घेतला. हम्म! चुरा सांडला. भुरभुर!
आईने पुसायला हात पुढे केला. आणि मागे घेतला.
"राहू दे," आई म्हणाली. "सांडेल ते..."
"मुंगीचं!" इरू ओरडली. आणि आणखी थोडा चुरा सांडला. मुद्दाम!

आता पोळी राहते दुरडीत. पिशवीला सुट्टी. कचऱ्याला उपास.
आणि तिळू? ती बघा, डोक्यावर चुरा घेऊन निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

लाडू गेला गालात,
चुरा गेला फटीत,
गोष्ट राहिली कानात!