पाठीवरची माती

“वस्ताद, तसल्याच्या अंगाला मी हात लावू?”

जमादार वस्ताद तालमीच्या पायरीवर लिंबं कापत बसलेले. कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत पिळायला. त्यांनी वर बघितलं न्हाई.

“कसल्याच्या?”

“शिवगोंडाच्या,” रावसाहेब म्हटला.

रावसाहेब मगदूम आनि शिवगोंडा. मिसरूड फुटायच्या आधीपासनं एका मातीत लोळलेली पोरं. सकाळचं दूध एका तांब्यातनं, जत्रेला एका सायकलीवरनं.

गेल्या आठवड्यात ग्रामसभा झाली. गाव शहराच्या हद्दीत घालायचं का न्हाई, हात वर करून सांगा म्हटले. रावसाहेबानं ‘न्हाई’ला हात वर केला. शिवगोंडानं ‘व्हय’ला.

तिथनं बिनसलं. रावसाहेब भर चावडीत म्हटला, तू गाव विकलंस. शिवगोंडा म्हटला, तुला नळाचं पाणी नको असलं तर पी ओढ्याचं, म्हशीसंगं.

मी बी त्याच तालमीतला, आनि ‘न्हाई’वालाच. शिवगोंडा दिसला की माझं बी टाळकं फिरायचं. म्हणून त्या दिवशी रावसाहेबाच्या मागं मी उभा हुतो, कमरेवर हात ठेवून.

“तालमीत एक तर तो ऱ्हाईल, न्हाईतर मी,” रावसाहेब म्हटला. “त्याला काढा.”

वस्तादांनी एक लिंबू पिळलं. साल बाजूला टाकली…

“काढू. पर जाताना एकदा पाडून तरी धाड त्याला.”

रावसाहेब फुलला. लंगोट कसला. शिवगोंडाला बोलावणं गेलं. तो आला, सगळं ऐकलं. सदरा काढून खुंटीला लावला आनि त्या खुंटीकडंच बघत ऱ्हायला.

वस्तादांनी तेलाची वाटी घेतली. दोघांना स्वतःच्या हातानं तेल लावलं, मानंपासनं पोटरीपर्यंत. म्हातारा माणूस, पर आईनं तान्ह्या पोराला चोळावं तसं चोळत हुता.

एरवी कुस्ती लागायच्या आधी दोघं एकमेकाच्या खांद्यावर, पाठीवर माती टाकत्यात. तेला-घामाचं अंग निसटू नये, पकड बसावी म्हणून. तशी रीतच हाय.

वस्ताद म्हटले, “आज कुणी कुणाला माती लावायची न्हाई. अंगाला हात नको म्हणतोय न्हवं ह्यो.”

भिडले.

मनगट धरलं, निसटलं. मान धरली, निसटली. ओला साबण धरल्यागत. रावसाहेबानं स्वतःच्या तळहाताला माती चोळून बघितली, दोन झटक्यात ती बी गेली. ना ह्यो पडतोय, ना तो पडतोय. दोघं नुसते घसरत्यात. भिंतीकडंची पोरं हसाय लागली. मला बी हसू आलं, मी ते खोकल्यावर नेलं.

रावसाहेब थांबला. तोंड लालबुंद.

“वस्ताद, ही काय कुस्ती हाय व्हय? ह्यो हातातच घावंना.”

“मग?”

“त्याच्या अंगावर माती पायजे.”

“घाल की.”

“…मी?”

“त्याच्या पाठीला त्याचा हात कसा पुरंल?”

रावसाहेबानं खाली मातीकडं बघितलं. मग वाकला. मूठभर माती घेतली आनि शिवगोंडाच्या खांद्यावर हाणल्यागत टाकली. दुसरी मूठ जरा हळू. मग पाठीवर पसराय लागला, तळहातानं. मानंखाली एक जुना वण हाय, तिथं हात थांबला. बारकी असताना ह्यानंच त्याला हौद्याच्या कठड्यावर आपटलं हुतं, आनि ह्योच रडत बसला हुता.

“डाव्या बगलंकडं ऱ्हायलं,” शिवगोंडा म्हटला.

“गप. तू चुकलायसच.”

“चुकलायस तू. वळ, तुझी पाठ दे.”

रावसाहेब वळला. पाठ दिली.

शिवगोंडानं ओंजळ भरून माती घेतली.

मी वस्तादांच्या जवळ सरकलो. हळूच इचारलं, सभेत तुम्ही कुठल्या बाजूनं हात वर केला हुता.

त्यांनी लिंबाचा हात धोतराला पुसला. हौद्याकडं बघत ऱ्हायले…

“हां,” म्हटले. “आता भांडा.”