खालचं वाचता आलं पाहिजे

“...मग जुन्या पेपरचा उल्लेख करायचाच कशाला, बाई?”

डॉ. नागेश आगलावे मिरजेला आपल्या बाईंच्या घरी येऊन तास झाला होता, आणि हा प्रश्न तो तिसऱ्यांदा विचारत होता. पेशीतला तुटलेला डीएनए कसा सांधला जातो, आणि सांधला नाही तर कॅन्सर कसा होतो, यात त्याचा शब्द आता परदेशातही मानतात. हे तो स्वतःही कधी विसरत नसे.

त्याला हे काम शिकवलं वसुमती केळुसकरबाईंनी. बाई आता एकोणऐंशीच्या. समोर बसून शेंगा सोलत होत्या.

“काय सापडलं ते परत सांग.”

“अकरा वर्षांपूर्वी आपण लिहिलं, जनुकातला तो बदल निरुपद्रवी आहे. डीएनए सांधणारं प्रथिन तयार होतंय, एवढं पाहून आपण थांबलो. आता दिसतंय की ते तयार होतं, पण तुटल्या जागी पोचतच नाही. तीनदा करून पाहिलं.”

“म्हणजे चुकलो.”

“नवा पेपर येईल. जुना आपोआप मागे पडेल. आमचे डायरेक्टरही म्हणाले, गाजावाजा नको.”

“आणि गडहिंग्लजच्या शारदाबाई?”



शारदा नाईकवाडींची आई आणि बहीण, दोघी स्तनाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. तो बदल शारदाबाईंच्याच रक्तात सापडला होता. घोर करू नका, सारख्या तपासण्या नकोत, मुलीच्याही नकोत, असं या दोघांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या प्रयोगशाळेत पेढे घेऊन आल्या.

“त्यांना कळवू की. सवडीने.”

“त्यांना आहे का सवड?”

...

“नागेश, डीएनए तुटलेला दिसला की पेशी काय करते?”

“थांबते. सांधून होईपर्यंत पुढे जात नाही.”

“आणि जी पुढे जाते?”

या प्रश्नाच्या उत्तरावर तर नागेशचं पोट चालत होतं.

मग त्याचा आवाज चढला. “बाई, मी हे तुमच्यासाठी करतोय. त्या पेपरने तुमचं नाव झालं. उद्या लोक म्हणतील, केळुसकरबाई चुकल्या. मी असेपर्यंत तुमच्या नावाला कुणाला बोट लावू देणार नाही.”

“माझं नाव राखायला मी तुला शिकवलं होतं का रे?”

“मी ऐकणार नाही, बाई.”

“बरं.”

बाई उठल्या. कपाटातून तो पेपर काढला, टेबलावर पसरला आणि पेन शोधायला लागल्या.

इथे एक सांगायला हवं. बाईंच्या प्रयोगशाळेत खोडरबर चालत नसे. वहीत चूक झाली की तिच्यावर एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख आणि सही. नागेशने पहिल्याच वर्षी व्हाइटनर लावून एक आकडा झाकला, तेव्हा बाईंनी ती बाटली खिडकीतून फेकली. तो खाली जाऊन ती घेऊन आला. बाईंनी पुन्हा फेकली.

आता त्यांनी त्या पेपरातल्या वाक्यावर रेघ मारली. पट्टी नव्हती, तरी सरळ. तारीख घातली. सही केली.

मग पेन नागेशपुढे धरलं.

“दुसरं नाव तुझं आहे.”

...

नागेश खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंनी पेन खाली घेतलं नाही.

“तेव्हा पुढची चाचणी करायची राहिली होती,” शेवटी तो म्हणाला. “मला माहीत होतं. मला घाई होती.”

“आणि मी न विचारता सही केली. ती माझी घाई.”

नागेशने पेन घेतलं. सही करायला त्याला फार वेळ लागला. एरवी तो दिवसाला पन्नास करतो.

“तुमचं चाळीस वर्षांचं काम, बाई. एका रेघेत गेलं.”

“खालचं वाचता येतंय की.”

बाईंनी शेंगांची सुपली बाजूला सारली, तो पेपर घडी करून पिशवीत घातला आणि दाराकडे निघाल्या. नागेश टेबलापाशीच उभा होता. त्याला भीती वाटत होती, आणि ती आता लपवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

“शारदाबाई विचारतील, अकरा वर्षं कुठे होता. मुलगी शेजारी बसलेली असेल. काय सांगू मी त्यांना...?”

“आधी चप्पल घाल.”