टिचकीची अर्धी बाही

एक होती टिचकी. उंदराची लेक. केवढी? अंगठ्याएवढी!

डोंगरावर थंडी पडली. सुगरणमावशीने टिचकीसाठी स्वेटर विणायला घेतला. लाल लाल लोकरीचा. टिचकीच्या अंगावरच विणायचा, म्हणजे मापात बसतो. सुलट टाका, उलट टाका. खट् खट्. खट् खट्.

पाठ झाली. पोट झालं. एक बाही झाली. दुसरी बाही कोपरापर्यंत आली.

आणि एक दिवस काय झालं? सकाळ झाली, पण उजाडलंच नाही. जिकडे तिकडे धुकं. झाड दिसेना. वाट दिसेना. पाखरू बोलेना. लांब कुठेतरी वारा तेवढा शीळ घालत होता. सूंऽऽ... सूंऽऽ...

मावशी चाचपून चाचपून विणत होती. खट् खट्. खट् खट्. तेवढ्यात लोकरीचा गुंडा निसटला.

टप्! गडगड गडगड गडगड...

तुट्! धागा तुटला. गुंडा धुक्यात गेला.

"अगंबाई!" मावशी म्हणाली. "आता बाही कशी गं पुरी करू?"

तिने सुटे टाके एका काडीत ओवून ठेवले. नाहीतर तेही उसवले असते.

टिचकी म्हणाली, "मावशी, मी आणते गुंडा."

आणि निघाली. तुरतुर तुरतुर.

गवतावर गुंड्याची ओली रेघ होती. रेघ गेली जांभळाच्या झाडाशी. झाडाला होती ढोली. ढोलीत काळोख. काळोखात उघडले दोन डोळे. गोल गोल. पिवळे पिवळे. आणि त्यांच्याखाली लाल लाल गुंडा!

टिचकीच्या मिशा थरथरल्या. पण ती म्हणाली,

"घुबडआजी, घुबडआजी, ऊठ ना.
घुबड उठलं की गुंडा मिळेल.
गुंडा मिळाला की बाही होईल.
थंडी वाजते, बाही अर्धी!"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "...अर्धी... अर्धी..."

टिचकीने वळून पाहिलं. कुणी नाही. नुसतं धुकं.

घुबडआजी म्हणाली, "हूंऽ हूंऽ. मी नाही उठणार. वारा ढोलीत शिरतो. पिसं गारठली माझी. गुंडा ऊबदार आहे, म्हणून ढोलीत उचलून आणला आणि त्यावर बसलेय. वारा थांबू दे, मग उठेन."

टिचकी निघाली. तुरतुर तुरतुर. कड्यावर गेली. वारा गोल गोल फिरत होता. पाचोळाही गोल गोल फिरत होता.

"वारेमामा, वारेमामा, थांब ना.
वारा थांबला की घुबड उठेल.
घुबड उठलं की गुंडा मिळेल.
गुंडा मिळाला की बाही होईल.
थंडी वाजते, बाही अर्धी!"

"...अर्धी... अर्धी..." मागून कुणीतरी म्हणालं. या वेळी अगदी कानाशी!

वारा म्हणाला, "सूंऽऽ सूंऽऽ. मी नाही थांबणार. धुक्यात माझी वाट हरवली. घर सापडेना, म्हणून फिरतोय. धुकं सरू दे, मग थांबेन."

आता धुक्याला कुठे शोधायचं? टिचकी उभी राहिली. पुढे धुकं. मागे धुकं. पायाखाली धुकं. तिने हळूच विचारलं, "धुकेबाई, कुठे आहात तुम्ही?"

"इथेच..." कानाशी आवाज आला. "मघापासून तुझ्या मागेच आहे..."

बाई गं! मागून बोलत होतं ते धुकंच! त्याला डोळे नाहीत, तोंड नाही. पण आवाज सगळीकडून येतोय. टिचकीने शेपूट पोटाशी घट्ट धरलं आणि म्हणाली,

"धुकेबाई, धुकेबाई, सरा ना.
धुकं सरलं की वारा थांबेल.
वारा थांबला की घुबड उठेल.
घुबड उठलं की गुंडा मिळेल.
गुंडा मिळाला की बाही होईल.
थंडी वाजते, बाही अर्धी!"

"श्शूऽऽ... मी नाही सरणार. ऊन आल्याशिवाय मला हलताच येत नाही. सूर्य उगवू दे, मग सरेन."

टिचकी निघाली. तुरतुर तुरतुर. डोंगराच्या टोकाला गेली. खाली वाकली. खोल खोल खाली काहीतरी लाल दिसत होतं. विझत आलेल्या निखाऱ्यासारखं.

"सूर्यदादा, सूर्यदादा, उगव ना.
सूर्य उगवला की धुकं सरेल.
धुकं सरलं की वारा थांबेल.
वारा थांबला की घुबड उठेल.
घुबड उठलं की गुंडा मिळेल.
गुंडा मिळाला की बाही होईल.
थंडी वाजते, बाही अर्धी!"

खालून आवाज आला, "मी नाही उगवणार. आज मला कुणी हाकच मारली नाही. कोंबडा आरवू दे, मग उगवेन."

टिचकी निघाली. तुरतुर तुरतुर. कुंपणावर कोंबडा बसला होता. त्याने चोच उघडली. आवाज नाही. चोच मिटली. पुन्हा उघडली. आवाजच नाही!

"कोंबडेकाका, कोंबडेकाका, आरवा ना.
कोंबडा आरवला की सूर्य उगवेल.
सूर्य उगवला की धुकं सरेल.
धुकं सरलं की वारा थांबेल.
वारा थांबला की घुबड उठेल.
घुबड उठलं की गुंडा मिळेल.
गुंडा मिळाला की बाही होईल.
थंडी वाजते, बाही अर्धी!"

कोंबडा खरखरत म्हणाला, "कसा आरवू, बाळ? थंडीने घसा बसला. गळ्याला ऊब मिळू दे, मग आरवेन."

ऊब? ऊब कुठून आणायची?

टिचकीने आपल्या बाह्यांकडे पाहिलं. एक अर्धी. एक पुरी. पुरी बाही किती छान होती! मावशीने चार दिवस विणली होती. टिचकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिने धाग्याचं टोक दातात धरलं आणि ओढलं.

सर्र... सर्र... सर्र... पुरी बाही उसवली.

टिचकी टुणकन कुंपणावर चढली. कोंबड्याच्या गळ्याभोवती लाल लोकर गुंडाळली. एक वेढा, दोन वेढे, सात वेढे!

कोंबड्याने मान ताणली. आणि...

कुकूऽऽच कूऽऽ!

कोंबडा आरवला, सूर्य उगवला.
सूर्य उगवला, धुकं सरलं.
धुकं सरलं, वारा थांबला.
वारा थांबला, घुबड उठलं.
घुबड उठलं आणि... टप्! ढोलीतून गुंडा पडला.

गडगड गडगड. टिचकी पुढे, गुंडा मागे. तुरतुर तुरतुर. दोघं मावशीच्या दारात!

मावशीने टिचकीकडे पाहिलं. "अगं, होती ती बाही कुठे गेली?"

"कोंबडेकाकांच्या गळ्यात," टिचकी म्हणाली. "त्यांना उद्याही आरवायचंय ना."

मावशीने टिचकीला जवळ घेतलं. सुया घेतल्या. उन्हात बसली. सुलट टाका, उलट टाका. खट् खट्. खट् खट्.

एक बाही झाली. दुसरी बाहीही झाली. आणि गुंडा संपला.

टिचकीने हात पसरले. बघते तर काय? बोटंच दिसेनात! बाह्या चांगल्या लांब झाल्या होत्या.

"मावशी, माझे हात हरवले!"

"असू दे," मावशी हसली. "मोठी होशील तेव्हा सापडतील."

टाका संपला, गाठ बसली. ज्याने गोष्ट ऐकली, त्याला ऊब आली.