माळेत न ओवलेला दात

फार पूर्वी, ज्याचे नाव आता कोणालाही सांगता येत नाही अशा एका राज्यात, एक वृद्ध दंतवैद्य राहत होता. त्याची दृष्टी मंदावली होती. येत्या रथसप्तमीला आपली गादी शिष्याच्या स्वाधीन करावी, असे त्याने ठरवले.

त्याच्या घरची एक रीत होती. शिष्याने स्वतः काढलेला प्रत्येक दात धुऊन दोऱ्यात ओवावा. जपमाळेच्या मण्यांइतके, म्हणजे एकशे आठ दात भरले, की विद्या पुरी झाली असे मानावे.

शिष्य दोघेच होते. थोरल्याची माळ दिवाळीतच पुरी झाली होती. धाकटी विणकराची मुलगी. तिचा हात हलका होता; तिची माळ वेळेत भरली तर गादी तिचीच, असे गुरूने बोलून दाखवले होते. भरली नाही, तर तिने घरी परतून मागावर बसावे, असा बापाचा शब्द होता. सात वर्षे तिने याच एका विद्येसाठी घालवली होती. आणि रथसप्तमीच्या आदल्या दिवशी तिच्या माळेत एकशे सात दात होते.

त्या सकाळी एक म्हातारी आली. तिचा गाल सुजला होता. तीन दिवस ती पेजेवर होती. तोंडात चारच दात उरले होते. त्यांतला एक ठणकत होता. तो उपटून टाकावा, एवढेच तिचे मागणे होते.

थोरला शिष्य दारात उभा होता. "देवाने मणी दारात आणून सोडला, बाई," तो धाकटीला म्हणाला. "आता कसली वाट पाहतेस?"

मुलीलाही तसेच वाटले. तिने सांडशी धुतली, देवाचे नाव घेतले आणि दात पकडला. दात हलला नाही. किडून मेलेला दात सांडशीखाली थोडा तरी डळमळतो. हा खडकात रोवल्यासारखा होता. दात किडलेला नाही, हे तिला कळले. तरीही तिची मूठ सैल होईना.

"काढ गं लेकी," डोळे मिटून म्हातारी म्हणाली. "मी ओरडायची नाही."

मुलीने सांडशी खाली ठेवली. तिने म्हातारीला अंगणात, उन्हाकडे तोंड करून बसवले आणि पुन्हा पाहिले. हिरडीत हुरड्यातले एक कुसळ रुतून पिकले होते. तिने ते सुईने अलगद काढले, पू धुतला, लवंगेचे तेल लावले.

"आजी, दात निकोप आहे. दुखणे हिरडीचे होते."

म्हातारीने त्या दातावरून जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. "म्हणजे हा माझाच राहिला?" तिने विचारले, आणि तिचे डोळे भरून आले.

थोरला हसला. "वाचवलेला दात माळेत ओवता येत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गुरूने माळ बोटांनी चाचपली आणि सारी हकीकत ऐकली. मग तो म्हणाला, "तू योग्य केलेस. पण रीत मी घातली आहे. आज तुझ्यासाठी मोडली, तर उद्या कोणासाठीही मोडावी लागेल."

गादी थोरल्याला मिळाली. मुलीने गुरूला नमस्कार केला आणि ती घरी जाऊन मागावर बसली. महिन्याभरात म्हातारीच्या गावची माणसे तिच्या मागाजवळ येऊन बसू लागली. ती धोटा बाजूला ठेवी, हात धुई आणि एकेकाचे तोंड पाही.

वैशाखात खुद्द गुरूचा दात दुखू लागला. गादीवरच्या वैद्याने पाहिले आणि तो काढावा लागेल असे सांगितले. गुरूने तोंड मिटून घेतले आणि गाडी जुंपायला लावली.

विणकराच्या अंगणात मुलीने त्याला उन्हाकडे तोंड करून बसवले. तिने दात हलवून पाहिला, हिरडी पाहिली, पुन्हा दात पाहिला.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "हा काढावाच लागेल."

गुरूने तिचा हात क्षणभर आपल्या कपाळाला लावला, आणि तोंड उघडले.

तात्पर्य : कसब अभ्यासाने हाती येते, पण ज्याने परक्याच्या दुखण्यात स्वतःचा लाभ पाहिला नाही, विश्वास त्याच्याच वाट्याला येतो.