तिसऱ्याची विश्रांती

"पण यात चूक कुठे आहे, बाई?"

शार्दूल मोकाशीने पुन्हा तेच विचारलं. उमाबाई केळुस्कर इंजिनांचा आवाज ऐकत होत्या.

मिरजेकडच्या एका इस्पितळामागे जनरेटरची खोली आहे. पहाटेच्या वादळाने गावाची वीज गेली होती आणि वरचा अतिदक्षता विभाग या खोलीच्या जिवावर चालला होता. जनरेटर तीन. दोन चालायचे, तिसरा राखीव. कोणाची पाळी केव्हा, हे शार्दूलने लिहिलेला प्रोग्राम ठरवायचा. तोच प्रोग्राम आता दुसऱ्या इस्पितळांत बसवायचा होता, आणि त्याला बाईंची मंजुरी हवी होती. हे काम त्याला बाईंनीच शिकवलेलं.

बाईंच्या काळात तिसऱ्याला मुद्दाम कमी चालवत. शार्दूलला तो शुद्ध आळस वाटे. त्याने पाळ्या अशा लावल्या की तिघांचे तास सारखे भरत.

"कोणाची झीज जास्त नाही, कोणाची कमी नाही," तो म्हणाला. "याहून न्याय्य काय असणार?"

बाई इंजिनांकडे बघत राहिल्या...

तेवढ्यात पहिला जनरेटर बंद पडला. पंख्याचा पट्टा तुटून इंजिन तापलं होतं. प्रोग्रामने तत्काळ तिसरा सुरू केला. वरचे दिवे लुकलुकलेसुद्धा नाहीत. शार्दूलने ऐटीत संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला होता.

"पट्टे कधी बदलले होतेस?" बाईंनी विचारलं.

"तिघांचेही एकदमच. तास सारखेच होते ना, म्हणून..."

बोलता बोलता तो दुसऱ्या जनरेटरकडे वळला.

दुसऱ्याचा पट्टा चिरकत होता. नीट कान दिला तर तिसऱ्याचाही. पडद्यावर मात्र दोघेही हिरवेगार.

बाईंनी वर फोन लावला आणि एसी, लिफ्ट, ऑफिसं, जे जे थांबू शकतं ते सगळं थांबवायला सांगितलं; उरलेला भार एकट्या जनरेटरला पेलण्याजोगा झाला. मुलाणी आणि कांबळे या मेकॅनिकांना त्यांनी पहिल्याला नवा पट्टा चढवायला बसवलं. राखीव पट्टा तेवढा एकच होता. मग त्या चालत्या तिसऱ्या जनरेटरपाशी गेल्या आणि बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं.

शार्दूलने त्यांचा हात धरला. शिष्याने असं करू नये हे त्यालाही कळत होतं. पण वर व्हेंटिलेटरवर माणसं होती.

"बाई, चांगला चाललाय तो."

"म्हणूनच."

त्यांनी बटण दाबलं, आणि तिसऱ्याला पुन्हा राखीव केलं.

आता उरलेला सगळा भार एकट्या दुसऱ्यावर होता. शार्दूल त्याच्यासमोरून हलेना. त्याला बाईंचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. पट्ट्याचा आवाज वाढत गेला, मग काहीतरी फटकन तुटलं. थोड्याच वेळात दुसराही थांबला.

खोलीत एकदम शांतता...

वर व्हेंटिलेटर आपापल्या बॅटरीवर गेले असतील, हे त्याला माहीत होतं. त्या बॅटऱ्या किती जुन्या आहेत, हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

तिसरा गुरगुरला, आणि सुरू झाला. खोलीतला बल्ब पेटला. मुलाणींनी पहिल्याच्या पट्ट्याचा ताण बोटाने दाबून पाहिला आणि मान हलवली. तोही तयार होता.

वरून फोन आला. सगळे ठीक होते. वीज यायला मात्र उद्याची दुपार उजाडेल, असं वीज कंपनीने कळवलं होतं. सांगलीहून नवे पट्टे निघाले होते.

शार्दूलने खाली पडलेला पाना उचलला. त्याचा चेहरा घामाने निथळत होता, पण मान पुन्हा ताठ झाली होती.

"बाई, मी, मुलाणी आणि कांबळे, आम्ही तिघंही इथेच थांबतो," तो म्हणाला. "वीज येईपर्यंत तिघांतला एकही डोळा मिटणार नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं... मग त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

"तू घरी जा," त्या म्हणाल्या. "जेव, आणि झोप."