दोन दोरांची फळी

एकदा काय झालं, खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाची शेतं सखल. खाडी वर, भात खाली, मधे मातीचा बांध. बांधाला एक दार होतं, त्याला उघाडी म्हणायचे. त्या दारात सागाची जाड फळी, दोन दोरांना टांगलेली. एक दोर या काठावर, एक त्या काठावर. भरती आली की दोघांनी "सोड… धर… सोड… धर" म्हणत बरोबरीनं दोर सोडायचे. मग फळी सरळ खाली बसायची आणि खारं पाणी बाहेर राहायचं.

दोर धरणारे दोघे सख्खे भाऊ, बरं का. थोरला बस्त्याव, धाकटा कायतान. शेजारी शेजारी राहायचे. त्या गावात रीत अशी, की संध्याकाळची प्रार्थना झाली की धाकट्यानं थोरल्यापुढे हात जोडायचे आणि म्हणायचं, "बेसाव दे." बेसाव म्हणजे आशीर्वाद. मग थोरल्यानं उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवायचा. दिवसभर कितीही भांडा, बेसाव चुकवायचा नाही.

मग एकदा कायतानच्या डुकरानं बस्त्यावची केळीची रोपं उकरली. बस्त्याव म्हणाला, "जनावर मालकाच्याच वळणावर जाणार!" झालं. त्या दिवसापासून कायताननं बेसाव मागितला नाही, बस्त्यावनं दिला नाही. प्रार्थना मात्र दोघेही करत. एक या घरात, एक त्या घरात, एकमेकांपेक्षा मोठ्यानं. आत राग आहे, तो देवाला ऐकू जात नाही, असं त्यांना वाटायचं. माणसाला असं वाटतं. मलाही वाटलेलं आहे.

मग भात पिकलं. रविवारी पहिली जुडी देवळात फादरकडे न्यायची होती. आणि शुक्रवारी आली अमावास्या. भरदुपारी खाडीला उधाण आलं.

दोघे भाऊ दोर धरून उभे राहिले. पण अबोला ना! "सोड" कुणी म्हणेना. याचा दोर आधी सुटला, त्याचा मागून. फळी तिरकी झाली आणि अडकली. खालून पाणी आत घुसलं.

"ओढा वर!" लोक ओरडले. मग दोघांनी ओढलं. फळी हलेना. पाणी घोट्याला लागलं. मग एकेका दोराला दहा-दहा जण लागले. फळी करकरली, पण हलली नाही. पाणी गुडघ्याला आलं. मग फादर धावत आले. त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, बाकीच्यांनी दोर भावांच्या हाती देऊन बांधावर प्रार्थना केली. पाणी कमरेला आलं.

शेतात एकदा खार शिरला की तीन वर्षं काही पिकत नाही. मग पोरांनी खायचं काय?

बांधावर त्यांची म्हातारी आई उभी होती, इसबेलबाय. ती म्हणाली, "फादर, तुमच्या पाण्याचा दोष नाही. माझे हे दोन घोडे देवाशी बोलतात, भावाशी बोलत नाहीत. देवानं ऐकायचं तरी कुणाचं?" मग ती ओरडली, "कायतान, बेसाव माग!"

"आत्ता? आई, दोर सुटेल!"

"सुटू दे."

"फळी फुटेल!"

"फुटू दे. मान वाकवलीस म्हणून मान काही मोडत नाही."

मग कायताननं दोर सोडला. बायका किंचाळल्या. तो पाण्यातून निघाला. दोनदा पाय सुटला, दोनदा सावरला. भावासमोर येऊन त्यानं हात जोडले.

"दादूस… बेसाव दे."

आता बस्त्यावच्या उजव्या हातात दोर, डाव्याला तो पेलला नसता. बेसाव डाव्या हातानं देत नाहीत. फळीला आता तेवढा एकच आधार उरलेला. "सोडू नको रे, बस्त्याव!" बांधावरून ओरडा झाला. बस्त्यावनं फळीकडे पाहिलं. भाताकडे पाहिलं. समोर धाकटा हात जोडून उभा होता.

मग बस्त्यावनं दोर सोडला. हात भावाच्या डोक्यावर ठेवला. "देव तुझं भलं करो," तो म्हणाला. "आणि ते डुकराचं… चुकलं माझं."

तेवढ्यात फळी डुगडुगली, सरळ झाली आणि धाडकन खाली बसली!

देवानं बसवली, की दोन्हीकडची ओढ सुटल्यावर आपल्याच वजनानं बसली? मी पुष्कळ विचार केला. मला सांगता येत नाही.

पण बरं का, पाणी बरंच आत आलं होतं. गावाचं भात वाचलं, उघाडीला लागून असलेलं कायतानचं अख्खं शेत मात्र खारावलं. तीन वर्षं तिथं काही उगवलं नाही. मग तीन वर्षं दोन्ही घरं एका चुलीवर जेवली, एका शेताच्या भातावर. प्रत्येकाला घास थोडा कमी, पण उपाशी कुणी नाही. चौथ्या वर्षी कायतानचं शेत पिकलं, तरी दुसरी चूल कुणी मांडली नाही.

मग ती माणसं सुखानं राहिली. गोष्ट एवढीच. आता पांघरुणात शिरा आणि डोळे मिटा.