नागपूर ते पुणे, सव्वा तास

“पण महाराज, सव्वा तासाचं तर काम. एवढ्यानं कुठला नियम बुडतो?”

भूपाल मगदूम हात जोडून बसला होता. हात जोडलेले असले तरी सूर मात्र हुकूम सोडल्याचा होता. सकाळच्या विमानाने तो पुण्याहून नागपूरला आला होता. संध्याकाळची दोन तिकिटं खिशात होती. एक त्याचं, एक महाराजांचं.

समोरचे वृद्ध दिगंबर मुनी चाळीस वर्षांत बैलगाडीतही बसले नव्हते. जायचं ते पायीच, हे त्यांचं व्रत. भूपालला हे ठाऊक होतं. पण ज्याचं सगळीकडे चालतं, त्याला व्रतही आपल्यापुरतं वाकेल असं वाटतं.

“सोनाक्का कशी आहे?”

“आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, आठ-दहा दिवस. तुमचं दर्शन व्हावं, एवढा एकच ध्यास घेतलाय तिनं.”



“दीक्षेनंतर माझा पहिला आहार तुमच्या घरी झाला. ओंजळीत पाणी घालताना तिचा हात असा थरथरला, की निम्मं खालीच सांडलं. मग कोपऱ्यात जाऊन रडली.”

“आठवतं.” भूपालचा सूर एकदम उतरला. “तुम्ही येणार म्हटलं की पहाटे उठायची. धुतलेलं लुगडं नेसायची. विहिरीचं पाणी तीन-तीनदा गाळायची. मला घागरीजवळ फिरकू द्यायची नाही.”

“आणि आता?”

“आता फ्लॅटमध्ये बाटलीतलं पाणी पिते. एका शब्दानं कधी बोलली नाही...”

गावचं ते अंगण त्याच्या डोळ्यांपुढे आलं. ते घर विकायची घाई त्यानंच केली होती.

त्यानं डोळे पुसले. मग घड्याळाकडे पाहिलं. सवय काही जात नाही.

“म्हणूनच म्हणतो, चला. सातशे किलोमीटर आहे. चालत जायचं तर महिना उलटून जाईल.”

महाराजांनी मान डोलावली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

गुडघ्यावर हात टेकून ते उठले. मोरपिसांची पिच्छी घेतली, कमंडलू घेतला. भूपालचा चेहरा खुलला. अखेर आपलं ऐकलं, असं त्याला वाटलं.

दोघं बाहेर आले. दुपार कलली होती.

“पुण्याचा रस्ता कुठला?”

भूपालनं नकळत पश्चिमेकडे हात केला.

महाराज त्या दिशेनं चालू लागले. गाडी दार उघडून उभी होती, तिच्यावरून पुढे गेले.

भूपाल धावत मागे गेला. आता त्याला रडू आवरत नव्हतं.

“अहो महाराज, तुम्ही पोचणार कधी? तोवर आई राहणार नाही!”

महाराज थांबले. मागे वळले.

“तू विमानानं जा. सोनाक्काला सांग, महाराज निघाले.”